भाड्याचं रिकामं घर: ड्रिल न वापरता, हाताने करून काय काय लावता येईल?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रिकामी_भिंत

हॉल १२ × १० फुटांचा आहे. भिंतींना पांढरा डिस्टेंपर, खाली गुळगुळीत फरशी, छताजवळ एकच ट्यूब. सामान म्हणजे ५ फुटी दोन माणसांचा सोफा आणि एक बुटकं टेबल. बोललं की आवाज घुमतो आणि संध्याकाळी ट्यूब लावली की खोली दवाखान्याच्या व्हरांड्यासारखी दिसते.

मोठी खिडकी एकच, ५ फूट रुंद. तिच्यावर आधीचा १ इंच जाडीचा, ७२ इंच लांबीचा रॉड आहे. रॉडच्या वरच्या कडेपासून जमीन ९० इंच. ड्रिलला परवानगी नाही. बारीक खिळे चालतील, पण घर सोडताना भोकं बुजवून द्यायची आहेत.

हाताशी शिलाई मशीन (सरळ टीप जमते), हातकरवत, हातोडी आणि टॅकर (लाकडात पिना मारायचं यंत्र) आहे. शोभेच्या वस्तू विकत आणायच्या नाहीत, करायच्या आहेत. प्रश्न तीन: सुरुवात कुठून करावी, पडद्याला कापड किती लागेल आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर काय टिकतं?

नेफा

सुरुवात कापडापासून करा. बाटल्या रंगवणं, कागदाची फुलं, दोऱ्याची झुंबरं यांचा मोह बाजूला ठेवा. रिकाम्या खोलीत वीतभर वस्तू ठेवली की खोली आणखीच रिकामी दिसते, कारण नजरेला तिच्याभोवतीची मोकळी भिंत आधी दिसते. मोठे पृष्ठभाग चारच असतात: खिडकी, जमीन, सोफ्यामागची भिंत आणि उजेड. ते झाले की बारीकसारीक वस्तूंना टेकायला जागा मिळते.

तुमच्या मापांवरून पडद्याचा हिशेब मांडते.

रुंदी: चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या किमान दुप्पट हवं. ७२ च्या दुप्पट १४४ इंच. ४४ इंच पन्ह्याचे (कापडाच्या रुंदीचे) तीन पाट, म्हणजे उभे तुकडे, घेतले तर १३२ होतात आणि धुण्यात आटून, बाजूच्या दुमडी गेल्यावर १२० सुद्धा उरत नाहीत. म्हणून चार पाट. दोन-दोन जोडून दोन पडदे करा. धुतल्यावर पन्हा ४२ वर येईल असं धरा. दोन पाटांचे ८४, जोडशिवणीत १ इंच, दोन्ही कडांना १-१ इंचाची दुहेरी दुमड म्हणजे ४ इंच. एक पडदा ७९ इंचांचा, दोन मिळून १५८. रॉडच्या जवळजवळ सव्वादोनपट. छान झोळ पडेल.

लांबी: जमिनीपासून अर्धा इंच वर आणि नेफ्याच्या (रॉड ओवायच्या पोकळ दुमडीच्या) वर दीड इंचाची झालर, म्हणजे तयार पडदा ९१ इंच. वर मागे वळवायला ४ इंच (झालर दीड, नेफा दोन, आतली मोड अर्धा), खाली ४ इंचाची दुहेरी दुमड म्हणजे ८. एकूण १०३. सुती कापड पहिल्या धुण्यात ५ टक्क्यांपर्यंत आटू शकतं, म्हणून पाटामागे पावणेतीन मीटर धरा. चार पाटांचे ११ मीटर.

१ इंच रॉडला नेफा २ इंच का? रॉडचा घेर सव्वातीन इंचांच्या आत येतो, त्याचा निम्मा म्हणजे सुमारे १.६. त्यावर थोडी ढिलाई हवी, नाहीतर पडदा सरकत नाही आणि ओढून ओढून नेफ्याची टीप उसवते.

आता चुकतं कुठे ते:

सगळं ११ मीटर कापड एकत्र धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. आधी कापून शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर पडदा घोट्यावर येतो.

कात्री लावण्याआधी कडेजवळचा एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढत काढा. कापडात एक बारीक विरळ रेघ उमटते. त्या रेघेवरच कापायचं. दुकानातला काप बरेचदा तिरका असतो. त्याच्या भरवशावर राहिलात तर पडदा खाली एका कोपऱ्यात लोंबतो आणि मग कितीही दुमडा, सरळ होत नाही.

विणलेली किनार जोडशिवणीत तशीच घेऊ नका. ती बाकी कापडापेक्षा घट्ट असते, त्यामुळे शिवण आकसते आणि पाटांच्या मधोमध उभी सुरकुती पडते. किनार कापून टाका किंवा दर दोन इंचांवर तिरका काप द्या.

मध्यम जाडीच्या सुती कापडाला ९० नंबरची सुई आणि ३ मिलिमीटरची टीप पुरे.

खालची दुमड मात्र लगेच शिवू नका. नेफा आणि बाजू पूर्ण करा, खाली नुसत्या टाचण्या लावा आणि पडदा दोन दिवस रॉडवर टांगून ठेवा. स्वतःच्या वजनाने कापड थोडं खाली उतरतं आणि दोन्ही पाट सारखे उतरतीलच असं नाही. दोन दिवसांनी जमिनीपासून वर माप घेत खूण करा, मग टीप मारा.

मंद_उजेड

कापडाचं सगळं पटलं, पण क्रम पटला नाही. आधी उजेड बदला. त्याला एक संध्याकाळ लागते आणि पुढचे सगळे रंग त्या उजेडात निवडायचे असतात. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा) ट्यूबखाली जे कापड स्वच्छ क्रीम दिसतं, ते २७०० केल्विनच्या बल्बखाली पिवळट दिसू शकतं. पडद्याच्या कापडाचा तुकडा घरी आणून रात्रीच्या दिव्याखाली बघितल्याशिवाय ११ मीटर कापड घेऊ नका.

खोलीला व्हरांड्याची कळा येते ती एकाच, वरून पडणाऱ्या उजेडामुळे. ट्यूब कामापुरती राहू द्या. संध्याकाळसाठी वेगवेगळ्या उंचीवर तीन छोटे दिवे ठेवा: एक सोफ्याशेजारी, एक कोपऱ्यात जमिनीजवळ भिंतीकडे तोंड करून, एक खिडकीच्या बाजूला. तिन्हींना २७०० केल्विनचे ५ वॅटचे एलईडी बल्ब. एकाचा प्रकाश साधारण ४०० ते ४५० ल्युमेन. वाचायच्या जागी ९ वॅटचा लावा. तिन्ही बल्ब एकाच केल्विनचे हवेत. एक पांढरा आणि दोन पिवळे झाले तर डोळा सतत त्या पांढऱ्याकडेच जातो.

शेड घरी करता येते. २५ सेंटीमीटर व्यासाच्या तारेच्या दोन रिंगा घ्या, त्यातल्या एकीला होल्डरसाठी मधला आडवा आधार हवा. रिंगेचा परीघ ७८.५ सेंटीमीटर, म्हणून जाड ड्रॉइंग पेपर ८० × २० सेंटीमीटरचा कापा. दीड सेंटीमीटर एकावर एक येईल. कागदाचे चारही कोपरे गुण्याने (काटकोन तपासायच्या साधनाने) तपासा. पट्टी अर्धा सेंटीमीटर जरी तिरकी कापली गेली तरी गोल करताना कडा वरखाली होतात आणि शेड कायम झुकलेली दिसते.

आधी जोड चिकटवू नका. कागदाची आतली कड रिंगेवर बसवत कपड्यांच्या चिमट्यांनी पूर्ण फेरा धरा, जोड जुळतोय ना बघा, मग चार-चार चिमटे काढत गोंद लावत पुढे जा. गोंद पाणी न घालता, पातळ थरात लावायचा. ओला जास्त झाला की कागद फुगतो आणि वाळताना लाटा सोडतो. त्या लाटा दिवसा दिसत नाहीत, दिवा लावला की प्रत्येक लाट सावली होऊन दिसते. जोडाची बाजू भिंतीकडे ठेवा.

दोन गोष्टींत तडजोड नको. वायर, स्विच आणि होल्डर तयार जोडलेला संच घ्या. आणि शेडमध्ये फक्त एलईडी बल्ब. फिलामेंटचा किंवा हॅलोजन अजिबात नको, कागद तापून पेटू शकतो. वरून-खालून शेड उघडी ठेवा, कारण एलईडीचा बुडखाही गरम होतो आणि कोंडला तर बल्ब लवकर जातो.

दिव्याची उंची अशी ठेवा की सोफ्यावर बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. वर गेली तर बल्ब डोळ्यात खुपतो.

नेफा

कापड रात्रीच्या दिव्याखाली बघायचं हे अगदी खरं, माझ्याकडून राहिलं होतं. आधी दिवे, मग पडदा.

रिकामी_भिंत

दिव्यांपासून सुरू करते. शेडचा कागद पांढराच हवा का?

भिंतीचं सांगा ना कोणीतरी. दोन बाजूंनी चिकटणारी टेप एका कोपऱ्यात लावून बघितली, दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पडली होती आणि टेपेला पांढरी भुकटी चिकटली होती.

मंद_उजेड

पांढरा किंवा फिकट क्रीम. गडद रंगाचा कागद ५ वॅटचा उजेड गिळून टाकतो, फक्त वरखाली प्रकाशाची वर्तुळं उरतात.

काचकागद

त्या पांढऱ्या भुकटीतच उत्तर आहे. टेप भिंतीला धरते म्हणजे प्रत्यक्षात रंगाच्या वरच्या थराला धरते. डिस्टेंपरचा तो थर खडूसारखा सुटतो. कोरडा तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरं लागलं तर त्या भिंतीवर कुठलीच चिकटपट्टी भरवशाची नाही, तिच्या पाकिटावर कितीही किलो लिहिलेले असोत. प्लास्टिक किंवा ऑइल पेंट असेल तर पट्ट्या चालतात: जागा स्पिरिटने पुसायची, पट्टी ३० सेकंद दाबून धरायची, तासभर थांबून मग वजन द्यायचं. तुमच्याकडे ते नाही, त्यामुळे बारीक खिळ्यावरच जाऊ आणि त्यावर हलकं काहीतरी लावू.

हलकं म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. काच नाही, मागे पुठ्ठा नाही. एक चौकट पाऊण किलोच्या आसपास भरते.

सोफा ५ फूट म्हणजे ६० इंच. वरच्या मांडणीची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश, ४० इंचांच्या जवळ असावी. एकच छोटी चौकट लावली तर मोठ्या पाकिटावरच्या तिकिटासारखी दिसते. १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशा दोन उभ्या चौकटी करा, मध्ये ३ इंच जागा. एकूण ३९.

एका चौकटीला १ × १ इंचाची पट्टी: २४ इंचाचे दोन तुकडे, १६ इंचाचे दोन. आडवे १६ चे उभ्या २४ च्या मध्ये बसतात, म्हणजे रुंदी १६ अधिक १ अधिक १, बरोबर १८. पंचेचाळीस अंशांचे काप देत बसू नका, हातकरवतीने ते क्वचितच जुळतात आणि कापडाखाली कोणाला दिसतही नाहीत. पट्टी घेताना एका टोकाला डोळा लावून लांबीकडे बघा. बाक असेल तर तिथेच सोडा; बाकदार पट्टीची चौकट भिंतीपासून एका कोपऱ्यात सुटून राहते.

लाकडाचा पांढरा गोंद लावून सांधे जुळवा आणि गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. १८ × २४ चा कर्ण बरोबर ३० इंच येतो. एक ३० आणि दुसरा सव्वातीस आला तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर दाब देऊन चौकट सरळ करा. मग मागून चारही कोपऱ्यांना पातळ प्लायचे त्रिकोण गोंद आणि बारीक खिळ्यांनी बसवा. ३ इंचाचे दोन चौरस तिरके कापले की चार त्रिकोण होतात. रात्रभर वाळू द्या.

आता एक काम बहुतेक जण टाळतात. चौकटीच्या समोरच्या अंगाची आतली धार काचकागदाने घासून उतरती करा, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकेल. ती धार तशीच राहिली तर काही महिन्यांत कापडावर आतून चौकोनाची रेघ उमटते.

कापड प्रत्येक बाजूला ३ इंच जास्त, म्हणजे २४ × ३०. धुऊन, इस्त्री करून पालथं पसरा. पहिली पिन एका लांब बाजूच्या मधोमध. दुसरी बरोबर समोरच्या बाजूला, कापड ओढून. मग दोन्ही आखूड बाजूंचे मध्य. तिथून दर दोन इंचांवर, समोरासमोर, कोपऱ्यांकडे सरका. कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केली की सगळी ढिलाई मधोमध गोळा होते आणि ती कुठे काढायची कळत नाही. पिनेभोवती चांदणीसारख्या रेघा दिसल्या तर तिथे ओढ जास्त झाली, पिन काढून परत मारा. पट्ट्यापट्ट्यांचं कापड पहिल्या वेळी घेऊ नका, सुताएवढा तिरपेपणाही त्यात ओरडून दिसतो.

लावायची उंची: मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ५८ इंचांवर ठेवतात. सोफ्यावर तो नियम सोडा, चौकटीची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून ६ ते ८ इंच वर ठेवा. पाठ ३३ इंच उंच असेल तर खालची कड ४० वर, वरची ६४ वर. वरची पट्टी १ इंचाची, म्हणून खिळे ६३ वर. एका चौकटीला दोन खिळे, १० इंच अंतरावर, आणि वरची पट्टी थेट त्यांच्यावर टेकवायची. दोरी किंवा हुक नको; एका खिळ्यावर टांगलेली चौकट दार आपटलं की तिरकी होते. दोन खिळे एका पातळीत आहेत का हे पाणसळ ठेवून बघा.

ठोकण्यापूर्वी वर्तमानपत्राचे १८ × २४ चे दोन कागद मास्किंग टेपने हलके लावून दिवसभर ठेवा. टेप एवढा वेळ धरेल. जागा पटली की खिळ्याच्या खुणेवर टेपेचा छोटा तुकडा चिकटवून त्यातून ठोका, प्लॅस्टरचा पापुद्रा उडत नाही. खिळा सव्वा इंची, बारीक, टोक किंचित खाली आणि डोकं वर. खिळा वाकला तर खाली काँक्रीट आहे. तिथे जोर न करता बोटभर बाजूला सरका. तिथेही वाकला तर काँक्रीटचा कडक खिळा लागेल. घर सोडताना भोकात पुट्टी भरा, वाळल्यावर घासा आणि त्यावर तोच डिस्टेंपर बोटाने टेकवा. ब्रशने फिरवलात तर डाग मोठा होतो.

रिकामी_भिंत

कर्णाची युक्ती फारच उपयोगाची! आता घुमणं उरलं. पडदे आणि दोन चौकटींनी थांबेल का? आणि सोफ्यावरच्या उशांना चेन न लावता अभ्रे कसे शिवायचे?

चिंधी_वेणी

पडद्याने बराच फरक पडेल, चौकटीच्या पातळ कापडाने फारसा नाही. फरशी आणि छत समोरासमोर कडक राहिले की आवाज त्यांच्यात फिरत राहतो. जमिनीवर जाड काहीतरी हवंच. खोलीच्या मधोमध टाळी वाजवा, काम झाल्यावर परत वाजवा, फरक कानाला कळतो. पडद्यासमोरच्या भिंतीवर गोधडीसारखं जाड काही टांगलंत तर ते भिंतीपासून इंच-दोन इंच सुटं ठेवा. चिकटून लावण्यापेक्षा जास्त आवाज शोषतं.

जमिनीसाठी जुन्या चादरींच्या वेणीचा अंडाकृती गालिचा करा. ३ × ५ फूट, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील असा. पायपुसण्याएवढा गालिचा खोलीच्या मध्ये तरंगत राहतो.

मधली पहिली सरळ वेणी किती लांब? लांबीतून रुंदी वजा करा: ५ वजा ३, म्हणजे २ फूट. इथे चुकलं तर शेवटपर्यंत आकार जुळत नाही.

सुती चादरीच्या २ इंच रुंद पट्ट्या फाडा. सुती आणि सिंथेटिक एकत्र घेऊ नका, एक आटतं, दुसरं आटत नाही. कडा आत दुमडून तिपेडी वेणी घाला. ती पाऊण ते एक इंच रुंद होते. या आकाराला ५० ते ६५ मीटर वेणी लागते. वेणी घालताना लांबी साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होते, म्हणून एकेरी पलंगाच्या चार-पाच चादरी जमवा. पट्ट्या जोडताना तिरकी शिवण घ्या आणि तिन्ही पेडांचे जोड एका जागी येऊ देऊ नका, तिथे गाठीसारखा फुगवटा येतो.

वेण्या एकमेकींना शिवताना जाड सुती दोरा आणि बोथट सुई. सुई कापडातून नाही, पेडांच्या फासांमधून न्यायची, म्हणजे दोरा आत लपतो. सरळ भागात आतल्या एका फासाला बाहेरचा एक. वळणावर बाहेरच्या वेणीचा मधूनच एक फास सोडायचा, कारण बाहेरच्या फेऱ्याला जास्त लांबी लागते. कमी सोडले की गालिचा वाटीसारखा वर उचलतो, जास्त सोडले की कडेला झालरीसारख्या लाटा येतात. वाटी झालेली दिसली तर तेवढा फेरा लगेच उसवा. पुढच्या फेऱ्यांनी ती सपाट होत नाही, इस्त्रीनेही नाही. आणि हे सगळं काम टेबलावर किंवा जमिनीवर सपाट ठेवूनच करा. मांडीवर घेतलं की मांडीचा गोलवा गालिच्यात उतरतो.

गुळगुळीत फरशीवर गालिच्याखाली न घसरणारी रबरी जाळी हवीच.

नेफा

अभ्रा १६ इंचाच्या उशीसाठी: पुढचा तुकडा १७ × १७, मागचे दोन १७ × १२. मागच्या दोन्हींची एकेक १७ इंची कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा, प्रत्येकाची रुंदी ११ उरते. सुलटी बाजू आत ठेवून पुढच्या तुकड्यावर दोन्ही मांडा. मध्ये ५ इंच एकावर एक येतात. चारही बाजूंनी अर्धा इंच सोडून टीप, आणि जिथे मागचे तुकडे एकमेकांवर आहेत तिथे दोन्ही टोकांना दुहेरी टीप, उशी कोंबताना तिथेच उसवतं. हे एकमेकांवर येणं ४ इंचांपेक्षा कमी ठेवलं तर मागून उशी तोंड उघडते.

कोपरे कानासारखे टोकदार होऊ नयेत म्हणून कोपऱ्याच्या २ इंच आधीपासून शिवण हळूहळू पाव इंच आत घ्या. आत उशी १७ किंवा १८ इंचाची भरली तर अभ्रा टम्म बसतो.

चार अभ्र्यांपैकी एकाला तरी पडद्याचंच कापड वापरा (११ मीटरमधून फारसं उरणार नाही, म्हणून थोडं जास्त घ्या). त्याच कापडाची एक पट्टी एका चौकटीतही आली की खोलीतल्या तीन कोपऱ्यांत तोच रंग दिसतो आणि सगळं एका हाताचं वाटतं.

निरगाठ

खिडकीजवळ एक टांगती कुंडी जरूर करा, पडद्याच्या रॉडला मात्र नको. मातीला पाणी घातलं की १५ सेंटीमीटरची कुंडी दोन-तीन किलोंवर जाते आणि रॉड मधून वाकतो. खिडकीला पक्के गज असतील तर वरच्या आडव्या गजाला टांगा.

४ मिलिमीटरची सुती दोरी, ३ मीटरचे चार तुकडे. चारही मधोमध दुमडून एका धातूच्या कडीतून ओवा, आठ पदर होतात. कडीखाली सगळ्यांची मिळून एक गाठ. दोन-दोन पदरांच्या चार जोड्या करा आणि ६० सेंटीमीटर खाली प्रत्येक जोडीला साधी निरगाठ मारा. पुढच्या गाठी १० सेंटीमीटर खाली, पण आता एका जोडीतला एक पदर आणि शेजारच्या जोडीतला एक. त्याखाली ८ सेंटीमीटरवर आठही पदरांची एक मोठी गाठ, तिच्यावर कुंडीचा तळ बसतो.

चारही गाठी एका पातळीत येणं महत्त्वाचं, नाहीतर कुंडी कलते आणि पाणी एका बाजूने ओघळतं. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. ६० सेंटीमीटरची पुठ्ठ्याची पट्टी कापून प्रत्येक जोडीला तीच लावा. गाठी आधी सैल मारा, कुंडी ठेवून बघा आणि मग आवळा. सुती दोरी वजनाने पहिल्या आठवड्यात थोडी लांबते, तेव्हा खालच्या टोकाला १० सेंटीमीटर जास्तीची दोरी न कापता राहू द्या.